लोखंडाचं जाळं

युरोपात एक छंद फार वाढला आहे. जुन्या लढाया जशाच्या तशा पुन्हा उभ्या करायच्या. एरवी बँकेत, शाळेत, दुकानात काम करणारी माणसं वर्षातले दोन-चार दिवस माळावर राहुट्या ठोकतात आणि सहाशे वर्षांपूर्वीचे सरदार होतात. समजा, त्यांतल्या एकाला फ्रेंच सरदार व्हायचं आहे. तिकडे त्याला नाइट म्हणतात. अंगावर काय चढवायचं? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, एक चकचकीत लोखंडी पोशाख आणायचा आणि आत शिरायचं. पण ही मंडळी तसं करू देत नाहीत. ती आधी विचारतात, साल कोणतं?

प्रश्न बरोबर आहे. १३५० सालचा फ्रेंच सरदार अजून बराचसा कड्या गुंफलेल्या सदऱ्यावर विसंबून होता. त्यावर कुठे गुडघ्याला, कुठे छातीला पत्रा चढू लागला होता. १४१५ साली आझँकूरच्या चिखलात ज्यांचा इंग्रजांपुढे पाडाव झाला, ते फ्रेंच सरदार डोक्यापासून पायापर्यंत पोलादात होते. आणखी तीसेक वर्षांनी डोक्यावरच्या टोपाचा आकारच बदलला. म्हणजे आजोबा, बाप आणि नातू एका घरातले, पण तिघांची चिलखतं तीन तऱ्हांची. आजोबांचं डोकं आणि नातवाचे पाय एकत्र केले की सरदार होत नाही, बहुरूपी होतो. साल ठरलं की पुढे विचारायचं, माणूस कुठला आणि त्याची ऐपत काय? चांगला माल इटलीतल्या मिलान शहरातले कारागीर करत आणि तो सगळ्यांना परवडत नसे. मग पुरावा पाहायचा. थडग्यांवर कोरलेले निजलेले पुतळे, हस्तलिखितांतली चित्रं, संग्रहालयांत उरलेले तुकडे.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. या सरदारांना घोड्यावर चढवायला यारी लागायची, ही सिनेमातली गंमत आहे. पूर्ण लढाऊ पोशाखाचं वजन साधारण वीस ते पंचवीस किलो, आणि तेही सगळ्या अंगावर वाटलेलं. बुसिको नावाचा एक फ्रेंच सेनापती होता. तो चिलखत घालून कोलांटी मारायचा, असं त्याच्या चरित्रात लिहिलं आहे. पुढे आझँकूरला तोही पकडला गेला आणि इंग्रजांच्या कैदेतच वारला. कोलांटीचा तिथे उपयोग नव्हता.

हे सगळं शोधत बसण्याची पाळी माझ्यावर आली ती दांडीमुळे. मिठाच्या सत्याग्रहाची दांडी गुजरातेत. ही आमची दांडी पालघर तालुक्यातली, बोईसरच्या पश्चिमेला, समुद्रकाठची. मच्छीमारांचं गाव. शेजारी उच्छेळी, खाडीपलीकडे नवापूर. उत्तरेकडे किनाऱ्यानं गेलं की आधी अणुवीज केंद्र लागतं आणि त्याच्या पुढे तारापूरचा किल्ला. दांडीतल्या तरुणांच्या एका मंडळानं तारापूरच्या लढाईचा देखावा करायचं ठरवलं आणि पोशाख बरोबर आहेत का, हे बघायला मला बोलावलं. मी कविता लिहिणारा माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. पण ‘चाचांकडे पुस्तकं आहेत’ एवढी कीर्ती आमच्याकडे पुरते.

लढाई थोडक्यात सांगतो. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर दोनशे वर्षं हा किनारा फिरंग्यांचा. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली पेशव्यांची मोहीम सुरू झाली. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम पडलं, त्याच महिन्यात तारापूर पडलं, आणि मे महिन्यात वसई. तारापूरचा किल्ला घेताना सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. देखाव्याचा मुख्य प्रसंग तोच होता.

मी गेलो तेव्हा अर्धी तयारी झाली होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमधून मुलांनी स्टीलच्या पत्र्याचं छातीकवच वाकवून आणलं होतं, बाजी भिवरावांसाठी. पोर्तुगीज कप्तानासाठी मुंबईहून भाड्यानं पोशाख आला होता. तोंडावर झडप पाडणारा टोप, त्यावर लाल पीस, हातापायांना पत्रे. थोडक्यात, १७३९च्या तारापुरात आझँकूर अवतरलं होतं. पत्र्यातल्या मुलाला मी तलवार डोक्यावर उचलायला सांगितली. हात खांद्यापर्यंत गेला आणि काखेत पत्रा अडला. ऊन म्हणाल तर सकाळी दहाचं. पोरगा घामानं निथळत होता.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला आली. मंडळात तीन मुसलमान मुलं आहेत. ती तिघंही फिरंग्यांच्या बाजूला उभी होती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, “तसं काही नाही चाचा, तिकडे माणसं कमी पडत होती.” असेलही तसं. मी तेव्हा काही बोललो नाही. म्हटलं, आधी चिलखताचं बघू.

पोलादी पत्र्यातले युरोपी सरदार या किनाऱ्यावर कधी आलेच नाहीत, असं नाही. आले होते, पण दोनशे वर्षं आधी. जुन्या गोव्यात पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरींची मोठी रांग आहे. १५४७ साली जुआंव द काश्त्रु यानं ती सुरू केली. त्या रांगेसमोरून चालत गेलात तर कपड्यांचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. सुरुवातीला दाढ्या आणि पोलाद, पुढे पुढे लांब कोट आणि खोट्या केसांचे टोप. चित्रकारापुढे उभं राहताना पोलाद मिरवायची हौस पुष्कळ काळ टिकली, पण लढाईतून ते अंगावरून उतरत गेलं. कारण बंदूक. गोळी अडवायची तर पत्रा जाड करावा लागे. युरोपातले कारागीर छातीकवचावर मुद्दाम पिस्तुलाची गोळी झाडून दाखवत, आणि तो पोचा तसाच ठेवत, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून. पण जाड पत्रा म्हणजे वजन, आणि आमच्या किनाऱ्यावर वजनाच्या जोडीला उकाडा. तेव्हा १७३९चा तारापूरचा कप्तान दाखवायचा तर लांब कोट, तिकोनी टोपी, कमरेला सरळ पात्याची तलवार, बस्स. त्याच्या हाताखालचे शिपाई तर पुष्कळसे इथलेच ख्रिस्ती. मुलांचा हिरमोड झाला. पिसाचा टोप त्यांना फार आवडला होता. मलाही आवडला होता, खोटं कशाला बोलू.

आता मराठ्यांकडे वळू. इथेही पहिला प्रश्न ऐपतीचाच. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर असे दोन शब्द आहेत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. फ्रेंच नाइट आणि आपला शिलेदार यांच्यात मला तरी हे मोठं साम्य वाटतं, की अंगावर काय आहे ते ज्याच्या त्याच्या गाठीवर ठरतं. सरदाराला चिलखत परवडे. साध्या शिपायाला अंगरखा, डोक्याला मुंडासं, हातात ढाल-तलवार नाही तर भाला किंवा बंदूक, एवढ्यावर भागवावं लागे. मराठी फौजेचा जोर वेगावर होता, तेव्हा हलकं असणं ही नुसती गरिबी नव्हती, ती युद्धाची रीतही होती. म्हणून देखाव्यातल्या चाळीस मावळ्यांना चाळीस चिलखतं घालायची नाहीत. एक किंवा दोन पुरेत.

आणि तेही दिसता कामा नये. हे सांगितल्यावर मुलं माझ्याकडे बघतच राहिली. पण आठवून पाहा, १६५९ सालची प्रतापगडाखालची भेट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. अंगरख्याच्या आत चिलखत, पगडीच्या आत लोखंडी टोप. डच लोकांनी जमवलेली शिवाजी महाराजांची समकालीन चित्रं पाहिली तर डोक्याला पगडी, अंगात लांब झगा, हातात तलवार. लोखंडाचा पत्ता नाही. आपल्याकडे चिलखत बहुधा कापडाच्या संगतीनं राहिलं. कधी आत, कधी वर.

शब्दांचं मला वेड आहे, त्यामुळे थोडं विषयांतर सोसा. आज दुकानात जिरेटोप मागितला तर कापडी, उंच, मोत्याची लड लावलेली टोपी हातात देतात. त्यातला ‘जिरे’ म्हणजे स्वयंपाकघरातलं जिरं नव्हे. फारसीत जिरह म्हणजे कड्या गुंफलेलं चिलखत. अबुल फजलनं ‘ऐन-ई-अकबरी’त अकबराच्या शस्त्रागारातल्या वस्तूंची यादी दिली आहे, तीत ‘जिरह कुलाह’ आहे, म्हणजे कड्यांची टोपी. आपला जिरेटोप तिचाच भाऊ. त्याच यादीत बख्तर आहे, दस्ताना म्हणजे हाताचं कवच आहे, चार-आईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे आहेत. आरशासारखे चकचकीत, म्हणून आईना. आणि एक ‘चिहिलकद’ आहे. चिहिल म्हणजे चाळीस. आपलं चिलखत त्यातूनच आलं असावं, असं माझ्या कानाला वाटतं. घरी उर्दू आणि कागदावर मराठी असं माझं आयुष्य गेलं. पण ही दोन्ही घरं एकाच चिलखतात राहतात, याची मला फार मौज वाटते. रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोशात या असल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, शस्त्रांसाठी एक वेगळा वर्गच केला. तरी लोकांच्या तोंडी चिलखत टिकलं ते टिकलंच.

मग प्रश्न आला, हे कड्यांचं चिलखत करायचं कसं? खरं करायचं तर लोखंडाच्या तारेच्या कड्या करायच्या, प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या ओवायच्या, टोकं ठोकून चपटी करायची, भोक पाडून बारीक रिव्हेट मारायचा. एका सदऱ्याला अशा वीस-तीस हजार कड्या लागतात आणि सदरा दहा किलोच्या आसपास भरतो. मुलांनी वेळेचा हिशेब केला आणि मान हलवली.

तेवढ्यात ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या नानांना मी मोबाइलवर संग्रहालयातल्या चिलखताचा फोटो दाखवला. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या नावाचं चिलखत आहे, त्यावरून शोधत शोधत मी पुष्कळ फोटो जमवले होते. नानांनी चष्मा वर केला, फोटो जवळ धरला आणि म्हणाले, “हे तर जाळंच आहे.”

नाना बोलले ते दोन हजार वर्षांचं बोलले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शस्त्रागाराचं एक प्रकरण आहे. त्यात कवचांची नावं येतात, त्यांतलं एक ‘लोहजालिका’. लोखंडाची जाळी. आणि तिकडे फ्रेंच लोक कड्यांच्या चिलखताला ‘माय्य’ म्हणतात, त्याचाच इंग्रजीत ‘मेल’ झाला. तो शब्द लॅटिन ‘माकुला’वरून आला, आणि माकुला म्हणजे जाळ्याचा डोळा, जाळ्याचं भोक. फ्रान्सचा सरदार, चाणक्य आणि दांडीचे नाना यांची कधी गाठ पडली नाही. तिघांनी पाहिलं मात्र एकच.

नानांनी नुसतं नाव दिलं नाही, कामही घेतलं. त्यांची पहिली शंका अशी, की भोकं इतकी बारीक म्हणजे सुई बारीक लागणार. दुसरी शंका खरी कारागिराची होती. “काखेत आणि मानेला सरळ विणून चालणार नाही, तिथे आकडे वाढवावे लागतील.” हातानं फेकायचं गोल जाळं मधून सुरू करून घेर वाढवत विणतात, तसं. चिलखत करणारे कारागीरही नेमकं हेच करत. खांद्याला, काखेला कड्या वाढवायच्या, कमरेला कमी करायच्या. पत्र्यातल्या पोराचा हात जिथे अडला, तिथे नानांच्या जाळ्यात हात सुटला.

आतल्या कपड्याचं काम बायकांकडे गेलं. कड्यांचं चिलखत उघड्या अंगावर घालता येत नाही. वार कापत नाही, पण ठोका हाडापर्यंत जातो. म्हणून खाली कापूस भरून शिवलेला जाड सदरा हवा. हे काम गोधडीचं. थरावर थर, आणि जवळ जवळ धावदोरा. युरोपातही हेच होतं. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या एका हुकमात शिपायांच्या सदऱ्याला पंचवीस-तीस थर कापड असावं आणि वर हरणाचं कातडं, असं बजावलं आहे. राजाज्ञा कसली, गोधडीची कृतीच ती. आणि पोलादाच्या आत घालायच्या त्या भरीव सदऱ्याचं जुनं फ्रेंच नाव ‘ओकतों’. ते आलं अरबी ‘अल-कुत्न’वरून. कुत्न म्हणजे कापूस. सलीबी युद्धांत ज्यांच्याशी लढले त्यांच्याच भाषेतलं नाव फ्रेंच सरदार छातीशी बाळगून होते.

इथे मी त्या तीन मुलांचा विषय काढला. विषय काढला म्हणजे भाषण दिलं नाही, बिकानेरची गोष्ट सांगितली. १६८९च्या सुमारास विजापूरकरांचा अदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती आला. मोगलांच्या बाजूनं बिकानेरचा राजा अनुपसिंह होता. तिथल्या शस्त्रागारातली चिलखतं, टोप, तलवारी त्यानं बिकानेरला नेल्या. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांतल्या काही वस्तू आहेत, आणि त्यांच्या लोखंडावर टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं आहेत. दख्खनी सुलतानाचं चिलखत, मोगलांची मोहीम, रजपुताची कोठी आणि देवनागरीत नोंद. आता ते चिलखत कुणाचं म्हणायचं?

पोशाखावरून माणूस ओळखण्याच्या नादात आपण मराठी माणसंही एकदा चांगलेच चकलो होतो. कित्येक वर्षं इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून चालत होतं. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं समकालीन चित्र पुढे आणलं, तेव्हा तो घोळ निस्तरला. घोळ झाला यात नवल नाही. दख्खनमधल्या दोन सरदारांचे झगे, पटके, कट्यारी, सगळं सारखंच असायचं. कपड्यावरून साल काढता येतं, ऐपत काढता येते. धर्म काढायला गेलं की असं होतं. आणि आमची तर समुद्रकाठची वस्ती. १६७९ साली खांदेरीसाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंज झाली, तेव्हा महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते आणि दौलतखानही होते. दोघांच्या होड्यांना वारा एकच लागत होता.

गोष्ट ऐकून कुणी काही बोललं नाही. पुढच्या तालमीला गेलो तर त्या तिघांपैकी दोघं मराठ्यांच्या शिडीवर होते. तिसरा कप्तानच राहिला. त्याला तिकोनी टोपी फार शोभत होती आणि ती तो कुणाला द्यायला तयार नव्हता.

नानांनी जाळ्याचा सदरा अठरा दिवसांत विणला. नायलॉनचा दोरा, त्यावर चंदेरी रंग. दहा हातांवरून पाहिलं तर लोखंडच. बाजी भिवराव होणाऱ्या मुलाला आधी गोधडीचा सदरा चढवला, त्यावर हे जाळं, आणि त्यावर पांढरा अंगरखा. बंद बांधले आणि नानांचं अठरा दिवसांचं काम दिसेनासं झालं. मुलगा कळवळून म्हणाला, “नाना, एवढं केलंत आणि दिसतच नाही.” नाना म्हणाले, “जाळं पाण्याखालीच असतं. वर बोया दिसतो.” मग मीच तोड काढली. तटावर चढताना अंगरखा खांद्याशी फाटेल असा कच्च्या दोऱ्यानं टाचायचा. कुणीतरी खेचलं की शिवण उसवते, आतलं लोखंड चमकतं, आणि लगेच बंदुकीचा आवाज येतो.

ते तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा शिवण उसवलीच नाही, दुसऱ्यांदा अंगरखा सगळाच हातात आला. तिसऱ्या वेळी जमलं. भाड्याचा पोशाख पिसासकट मुंबईला परत गेला. स्टीलचा तो पत्रा आता एका होडीत आहे, स्टोव्हला वारा लागू नये म्हणून आडवा लावलेला. चंदेरी रंगाची एक अडचण तेवढी राहिली. घामानं तो सुटतो आणि अंगरख्याला आतून लागतो. दोरा आधी रंगवून, उन्हात दोन दिवस वाळवून मग विणायला घ्यायचा, असं नानांनी ठरवलं आहे. त्यांनी दुसरा सदरा सुरू केला आहे.